नोटीस शेवटपर्यंत वाचणारे

रेमंड कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय मुंबईत नाही, ठाण्यातही नाही. ते रत्नागिरीच्या झाडगावात आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा नोंदणीकृत कार्यालयाच्या गावीच घ्यावी असा कायदा असल्यामुळे जून २०१७ ची सभाही रत्नागिरीलाच भरली. नोटिशीत ताळेबंद, लाभांश, लेखापरीक्षकांची नेमणूक असे दरवर्षीचे विषय होते आणि त्यांच्या सोबतीला एक निराळा विषय होता. मुंबईत ब्रीच कँडीला, भुलाभाई देसाई रोडवर, कंपनीच्या मालकीची जे. के. हाउस ही इमारत आहे. जुनी पाडून तिथे नवी, उंच इमारत उभी राहिली होती. तिच्यातले ड्युप्लेक्स फ्लॅट प्रवर्तक सिंघानिया घराण्यातल्या व्यक्तींना चौरस फुटाला सुमारे ९,२०० रुपये दराने विकावेत, असा तो ठराव होता. त्याचं मूळ २००७ मधल्या करारांत होतं. पण २०१७ पर्यंत त्या परिसरातला भाव चौरस फुटाला लाखाच्या वर गेला होता.

सभेपूर्वी मुंबईतल्या एका छोट्या संस्थेने या ठरावावर अहवाल काढला. ‘इन्स्टिट्यूशनल इन्व्हेस्टर ॲडव्हायझरी सर्व्हिसेस’, बाजारात जिला ‘आयआयएएस’ म्हणतात, ती ही संस्था. तिने दोन दरांतल्या फरकाचा हिशेब मांडला आणि हा सौदा झाला तर कंपनीला ६५० कोटींहून अधिक रकमेवर पाणी सोडावं लागेल, असं सांगितलं. आपल्या ग्राहकांना सल्ला दिला : विरोधात मत द्या. वर्तमानपत्रांनी बातमी उचलली. निकाल लागला तेव्हा पडलेल्या मतांपैकी ९७ टक्क्यांहून अधिक मतं ठरावाच्या विरोधात होती. ज्यांचा व्यवहारात हितसंबंध आहे त्यांना अशा ठरावावर मत देता येत नाही, म्हणून निर्णय बाहेरच्या भागधारकांच्या हाती होता आणि त्यांनी तो घेतला.

नोटीस सगळ्या भागधारकांना गेली होती. तिच्यात लपवलेलं काही नव्हतं. ती ओळीओळीने वाचून, बाजारभावाशी ताडून, मतदानाच्या आत सर्वांपुढे ठेवणारं कोणीतरी हवं होतं. हे काम करणाऱ्यांना प्रॉक्सी ॲडव्हायझरी फर्म म्हणतात. म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, निवृत्तिवेतन निधी, परदेशी गुंतवणूकदार अशा शेकडो कंपन्यांचे शेअर बाळगणाऱ्यांना त्या ‘या ठरावाला होकार द्या, त्याला नकार द्या’ असा कारणांसह सल्ला देतात आणि त्याची वर्गणी घेतात. आपल्याकडे आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं आणि सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावीच लागते, म्हणून जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत सभांची रीघ लागते. नोटीस सभेच्या एकवीस दिवस आधी निघते. त्यातले ग्राहकाला विचार करायला लागणारे दिवस वजा केले, तर विश्लेषकाच्या हाती दोन आठवडेही राहत नाहीत.

मुंबईला असा वाचक मिळायला दीडशेहून अधिक वर्षं लागली.

१८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी काढली आणि दोन वर्षांनी तिच्यातून सूत निघू लागलं. मुंबईतल्या पहिल्यावहिल्या कापूस गिरण्या अशा भागभांडवलावर उभ्या राहिल्या. पैसा पुष्कळांचा, कारभार मात्र एका पेढीचा. ही पेढी म्हणजे मॅनेजिंग एजंट. गिरणी कंपनी आणि एजंट यांच्यात करार असे आणि मोबदला ठरलेला असे. मुंबईत दीर्घकाळ चाललेली एक पद्धत म्हणजे सुताच्या पौंडामागे पाव आणा. गिरणीला नफा झाला की तोटा, याचा त्या पाव आण्याशी संबंध नव्हता. माल जितका जास्त निघेल तितकी एजंटाची कमाई जास्त. आपल्या पैशावर दुसऱ्याचं घर चालतंय हे भागधारकांना दिसत होतं. पण करार दीर्घ मुदतीचे, बऱ्याचदा पिढ्यान्‌पिढ्यांचे, आणि सभेत एजंटाचं पारडं जड. १९३६ च्या दुरुस्तीने एका कराराची मुदत वीस वर्षांवर आणली, १९५६ च्या कंपनी कायद्याने वेसण आणखी आवळली आणि ३ एप्रिल १९७० पासून ही पद्धतच बंद झाली. एजंट गेले, घराणी राहिली. त्यांना आता प्रवर्तक म्हणू लागले.

भागधारकाला मात्र मताचा उपयोग ठाऊक नव्हता, आणि तो कळावा अशी सोयही नव्हती. सहकारी साखर कारखान्याची वार्षिक सभा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा प्रकार समजावून सांगायला नको : सचिव विषय वाचतात, पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’चा गजर होतो आणि पुढचा विषय सुरू होतो. मुंबईच्या कंपन्यांच्या सभा मरीन लाइन्सच्या बिर्ला मातुश्री सभागारात वातानुकूलित हवेत होत, इतकाच फरक. जुन्या कायद्यात ठराव आधी हात वर करून मंजूर होई. एक माणूस, एक हात. मग त्याच्याकडे दहा शेअर असोत की दहा लाख. स्वतः न येता प्रतिनिधी पाठवला तर त्याला हात वर करण्याचाही अधिकार नव्हता. शेअरांच्या संख्येनुसार रीतसर मतदान हवं असेल तर ते मागावं लागे आणि त्यासाठी एक दशांश मतशक्ती किंवा पन्नास हजार रुपयांचं भरणा झालेलं भांडवल पाठीशी लागे. म्हणजे सभागृहात कोण बसलं आहे यावर बरंच काही ठरे.

या सभांचा स्वतःचा एक लोभस संसार होता, हेही नोंदवलं पाहिजे. दरवर्षी हजेरी लावणारे निवृत्त गृहस्थ, अध्यक्षांच्या स्तुतीने सुरू होऊन लाभांशाच्या मागणीवर संपणारी भाषणं, खाण्याचं पाकीट, कंपनीच्या उत्पादनाची भेट. रिलायन्सने तर १९८०च्या दशकात सभा कूपरेज आणि क्रॉस मैदानावर नेल्या. हजारो भागधारक तिथे जमले. मध्यमवर्गाला शेअर बाजाराची गोडी लावण्यात त्या मैदानांचा वाटा मोठा आहे. पण तिथे आलेला भागधारक पाहुणा होता. मालक म्हणून त्याला कोणी काही विचारत नव्हतं. भेटवस्तूंची प्रथा अखेर नियमानेच थांबली. जुलै २०१५ पासून लागू झालेल्या सेक्रेटरियल स्टँडर्डने सभेत भेटवस्तू आणि कूपनं वाटायला बंदी केली.

खरं वजन होतं सरकारी वित्तसंस्थांकडे. १९५६ मध्ये आयुर्विमा महामंडळ आलं, १९६४ मध्ये युनिट ट्रस्ट. देशातल्या कित्येक बड्या खासगी कंपन्यांत त्यांचे शेअर प्रवर्तकांपेक्षाही जास्त असत. तरी त्यांची मतं बहुतेक वेळा व्यवस्थापनाच्या बाजूने पडत किंवा पडतच नसत. याला गाजलेला अपवाद एस्कॉर्ट्सचा. लंडनचे उद्योगपती स्वराज पॉल यांनी १९८३ च्या सुमारास एस्कॉर्ट्स आणि डीसीएम या कंपन्यांचे शेअर विकत घेतले, तेव्हा त्या कंपन्यांनी नोंदणीच नाकारली. एस्कॉर्ट्समध्ये वित्तसंस्थांचा वाटा निम्म्याहून अधिक होता. आयुर्विमा महामंडळाने १९८४ मध्ये विशेष सभा बोलावण्याची मागणी केली आणि नऊ संचालकांना काढण्याचा ठराव मांडला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर १९८५ च्या निकालात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी स्वच्छ सांगितलं, की सभा बोलावणं आणि संचालक बदलण्याचा ठराव मांडणं हा भागधारकाचा हक्क आहे. तो सरकारी संस्थेचा असला म्हणून कमी होत नाही. निकालाने हक्क पक्का केला, पण तो वापरायची सवय लावली नाही. एस्कॉर्ट्सच्या लढाईत मताची आठवण झाली ती दिल्लीच्या राजकारणामुळे, आणि राजकारणाने जागी केलेली मतं राजकारण शमलं की पुन्हा झोपी जातात.

त्याच सुमारास अमेरिकेत वेगळी गोष्ट घडत होती. रॉबर्ट मंक्स हे तिथल्या कामगार खात्यात निवृत्तिवेतन निधींवर देखरेख करणारे अधिकारी होते. कामगारांच्या पैशातून घेतलेल्या शेअरांची मतं कोणी विचारपूर्वक वापरत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. १९८५ मध्ये त्यांनी नोकरी सोडून ‘इन्स्टिट्यूशनल शेअरहोल्डर सर्व्हिसेस’ ही संस्था काढली. पुढे तीन वर्षांनी, फेब्रुवारी १९८८ मध्ये, कामगार खात्याने एव्हॉन कंपनीच्या निवृत्तिवेतन निधीला एक पत्र पाठवलं. निधीच्या शेअरांना जोडलेलं मत हीसुद्धा निधीची मालमत्ता आहे आणि तिची काळजी विश्वस्ताने इतर मालमत्तेइतकीच घेतली पाहिजे, असा त्याचा आशय होता. ‘एव्हॉन पत्र’ म्हणून ते ओळखलं जातं. व्यवसायाचा पाया तिथे घातला गेला. २००३ मध्ये अमेरिकी नियामकाने म्युच्युअल फंडांना प्रत्येक मत जाहीर करायला लावलं, आणि त्याच वर्षी ग्लास लुईस ही दुसरी मोठी संस्था उभी राहिली. त्याआधी २००२ मध्ये एचपी आणि कॉम्पॅक यांच्या विलीनीकरणावर मतदान झालं तेव्हा संस्थापकाच्या घरातले वॉल्टर ह्यूलेट विरोधात प्रचार करत होते. मंक्स यांनी काढलेल्या संस्थेने विलीनीकरणाला अनुकूल सल्ला दिला आणि ठराव अगदी थोड्या फरकाने तरला. सल्ल्याचं वजन किती असू शकतं, हे जगाला त्या दिवशी कळलं.

भारतात दार उघडलं ते सत्यमच्या घोटाळ्याने. १६ डिसेंबर २००८ रोजी सत्यमच्या संचालक मंडळाने संस्थापक रामलिंग राजू यांच्याच कुटुंबाशी जोडलेल्या दोन मेटास कंपन्या १.६ अब्ज डॉलरना घेण्याचं ठरवलं. मंडळावर नामवंत प्राध्यापक होते, आणि काही महिन्यांपूर्वीच कंपनीला उत्तम कारभाराबद्दल गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता. भागधारकांचं मत घेण्याची गरज कोणालाही वाटली नाही. गुंतवणूकदारांनी शेअर इतक्या झपाट्याने विकले की काही तासांत बेत मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ रोजी राजूंचं कबुलीपत्र आलं : पुस्तकात दाखवलेली पाच हजार कोटींहून अधिक रोकड अस्तित्वातच नव्हती. स्वतंत्र संचालक आणि नामांकित लेखापरीक्षक या दोन्ही भिंती एकाच वेळी कोसळल्या. उरला मताधिकार, आणि तो ज्यांच्या हाती होता त्यांना प्रश्न विचारणं आलंच.

मार्च २०१० मध्ये बाजार नियामक सेबीने म्युच्युअल फंडांना परिपत्रक काढलं : मतदानाचं धोरण जाहीर करा आणि कुठल्या ठरावावर कसं मत दिलं तेही सांगा. साधी दिसणारी ही सूचना निर्णायक ठरली, असं माझं स्पष्ट मत आहे. मत जाहीर करायचं म्हटलं की कारण द्यावं लागतं, कारण द्यायचं तर नोटीस वाचावी लागते, आणि शेकडो कंपन्यांच्या नोटिसा वाचायला फंडांकडे माणसं नव्हती. त्याच वर्षी बंगळुरूमध्ये श्रीराम सुब्रमणियन यांनी ‘इनगव्हर्न’ सुरू केली. पुढच्या वर्षी मुंबईत अंबुजा सिमेंटचे माजी व्यवस्थापकीय संचालक अनिल सिंघवी आणि फिच रेटिंग्जचे भारतातले माजी प्रमुख अमित टंडन यांनी आयआयएएस उभी केली. २०१२ मध्ये सेबीचे माजी कार्यकारी संचालक जे. एन. गुप्ता यांनी ‘स्टेकहोल्डर्स एम्पॉवरमेंट सर्व्हिसेस’ काढली. एक उद्योगातला माणूस, एक पतमानांकनातला, एक नियामकाच्या कार्यालयातला. नोटीस कोणत्या हेतूने लिहिली जाते, हे तिघांनाही आतून माहीत होतं.

दुसरी सोय २०१३ च्या कंपनी कायद्याने केली. सूचिबद्ध कंपन्यांना इलेक्ट्रॉनिक मतदानाची व्यवस्था ठेवणं बंधनकारक झालं आणि हात वर करण्याचं युग संपलं. झाडगावला न जाता लंडन किंवा सिंगापूरचा फंड मत देऊ लागला तो यामुळे. ही मतं डीमॅट शेअरांची नोंद ठेवणाऱ्या एनएसडीएल आणि सीडीएसएल यांच्या यंत्रणांवर नोंदली जातात. दोन्ही संस्था मुंबईच्या, आणि दोघींनीही अनेक वर्षं कारभार केला तो लोअर परळला. एकीने कमला मिलच्या आवारातून, दुसरीने मफतलाल मिलच्या. पाव आण्याच्या हिशेबाविरुद्ध ज्या गिरणगावात भागधारकाचं काही चालत नव्हतं, तिथेच आता त्याचं मत शेअरगणिक मोजलं जाऊ लागलं. त्याच कायद्याने आणि सेबीच्या नियमांनी संबंधित पक्षांशी होणाऱ्या मोठ्या व्यवहारांवर प्रवर्तकांचा मताधिकार काढून घेतला. रेमंडचा निकाल लागू शकला तो या कलमाच्या जोरावर.

२०१४ हे वर्ष या इतिहासात ठळक आहे. जानेवारीत मारुतीने जाहीर केलं, की गुजरातचा नवा कारखाना मारुती नव्हे तर सुझुकीची स्वतःची कंपनी उभारेल. फंडांनी एकत्र येऊन पत्रं लिहिली, सल्लागारांनी टीका केली. मार्चमध्ये कंपनीने अटी बदलल्या आणि प्रवर्तक सोडून उरलेल्या भागधारकांचं मत घ्यायचं मान्य केलं. डिसेंबर २०१५ मध्ये ते मतदान झालं आणि जवळपास नव्वद टक्के मतांनी सुधारित प्रस्ताव मंजूर झाला. विरोधाने कंपनीचं वाईट होतं असं म्हणणाऱ्यांना हे उदाहरण दाखवावं. जुलैमध्ये टाटा मोटर्सचे वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मानधनाचे तीन ठराव पडले. विशेष ठरावाला पंचाहत्तर टक्के मतं लागतात, ती मिळाली नाहीत. कंपनीने पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला अधिक स्पष्टीकरण देऊन ते पुन्हा मांडले आणि ते मंजूर झाले. नोव्हेंबरमध्ये युनायटेड स्पिरिट्सच्या भागधारकांनी बारापैकी नऊ ठराव फेटाळले, त्यांत मल्ल्यांच्या यूबी समूहाशी असलेले करार होते.

मग सल्लागारांकडेच बोट वळलं, आणि ते वळणं योग्य होतं. जुलै २०१८ मध्ये एचडीएफसीचे अध्यक्ष दीपक पारेख यांच्या फेरनियुक्तीचा विशेष ठराव ७७.३६ टक्के मतांनी तरला. अडीच टक्के मतं इकडची तिकडे झाली असती तर देशातल्या सर्वांत आदरणीय वित्त-उद्योजकांपैकी एकाला मंडळ सोडावं लागलं असतं. इतक्या कंपन्यांच्या मंडळांवर एकाच माणसाने असावं का, हा आक्षेप होता आणि त्यामागे परदेशी सल्लागार संस्थेच्या ठोकळेबाज निकषाची चर्चा झाली. निकष वाजवी आहे. पण तो न्यूयॉर्क आणि मुंबईला एकाच मापाने लावायचा का, आणि त्या माणसाचं काम पाहायचं की पदं मोजायची, हे प्रश्नही वाजवी आहेत. आयटीसीने तर आयआयएएसच्या एका अहवालावरून हजार कोटींच्या भरपाईचा दावाच लावला. शिवाय हितसंबंधांचा मुद्दा होता. आयआयएएसच्या भागधारकांत बड्या बँका आणि वित्तसंस्था आहेत, आणि त्याही सूचिबद्ध. ज्याच्या पैशावर संस्था उभी, त्याच्या नोटिशीवर ती काय लिहिणार?

सेबीने संदीप पारेख यांच्या अध्यक्षतेखाली कार्यगट नेमला आणि ऑगस्ट २०२० मध्ये नियमावली आली. २०१४ पासून नोंदणी सक्तीची होतीच. आता मतदानाचं धोरण दरवर्षी तपासून जाहीर करणं, ग्राहकाला दिलेला अहवाल त्याच वेळी कंपनीलाही देणं, तथ्यातली चूक दुरुस्त करणं, हितसंबंध उघड करणं हे सारं बंधनकारक झालं. सगळ्यांत महत्त्वाचं कलम असं, की सल्लागार कायद्यापेक्षा कडक निकष लावत असेल तर कायदा काय म्हणतो आणि आपण त्यापलीकडे का जातो हे त्याने सांगावं. दीपक पारेखांच्या प्रकरणातला गोंधळ नेमका तिथे होता.

एप्रिल २०२२ पासून म्युच्युअल फंडांना प्रत्येक ठरावावर मत देणं सक्तीचं आहे. तटस्थ राहायची मुभा नाही.  त्याआधीच, २०२१ मध्ये, आयशर मोटर्सच्या सिद्धार्थ लाल यांच्या फेरनियुक्तीचा आणि मानधनाचा ठराव पंचाहत्तर टक्क्यांना थोडा कमी पडला आणि मंडळाला मानधनाची मर्यादा खाली आणावी लागली. मे २०२४ मध्ये नेस्ले इंडियाने मूळ कंपनीला द्यायचं स्वामित्वशुल्क ४.५ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला आणि भागधारकांनी तो फेटाळला. पण सक्तीला दुसरी बाजूही आहे. हजारो ठरावांवर मत द्यायचं तर सल्लागाराच्या अहवालाचं शेवटचं पान उघडून तिथला होकार-नकार उतरवून घेण्याचा मोह होणारच. तसं झालं तर निर्णय व्यवस्थापनाच्या दालनातून उठून सल्लागाराच्या दालनात बसतो, भागधारकाच्या हाती तो येतच नाही. अमेरिकेत हा वाद इतका पेटला, की ग्लास लुईसने २०२५ मध्ये जाहीर केलं : २०२७ पासून सगळ्यांसाठी एकच ठरलेली शिफारस देणं बंद, ग्राहकाने आपलं धोरण सांगावं.

आपल्याकडचा प्रवास अजून उलट दिशेने चालला आहे, आणि सध्या तरी ते बरं आहे, कारण इथे सल्ल्याची अडचण जास्तीची नसून तो फार थोड्यांपर्यंत पोहोचतो ही आहे. अहवाल वर्गणीदारांना मिळतात. डोंबिवली किंवा सोलापुरातून डीमॅट खातं चालवणाऱ्याकडे फक्त नोटिशीचा ईमेल येतो आणि तो न उघडताच खाली सरकतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये सेबीच्या पुढाकाराने इनगव्हर्न, आयआयएएस आणि स्टेकहोल्डर्स एम्पॉवरमेंट या तिन्ही प्रतिस्पर्धी संस्थांनी मिळून संबंधित पक्षांशी होणाऱ्या व्यवहारांचं एक पोर्टल सुरू केलं. कुठल्या कंपनीने प्रवर्तकांशी काय व्यवहार केला आणि भागधारकांनी त्यावर कसं मत दिलं, हे त्यावर सामान्य गुंतवणूकदारालाही पाहता येतं. इलेक्ट्रॉनिक मतदानाची खिडकी सभेपूर्वी किमान तीन दिवस उघडी राहते आणि आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होते. दहा शेअर असलेल्यालाही तिथे दहा मतं देता येतात, आणि त्यासाठी रत्नागिरीला जावं लागत नाही.